पाठराखीण वाढवली

"सर, हिचं उत्तर येतंय," मी म्हणालो.

हुपरीकर सरांनी वळून पाहिले नाही. झेंडूच्या माळेचे एक टोक त्यांनी लोखंडी मांडणीला बांधले होते आणि दुसऱ्या टोकासाठी ते चवड्यांवर उभे होते. "येऊ दे की," ते म्हणाले.

"पण ती बंद आहे ना?"

"बंद म्हणू नये, पुणेकर. आज खंडेनवमी. आज तिला विसावा."

त्या यंत्राची विजेची तार त्यांनी सकाळीच काढली होती. नीट गुंडाळून, हळदकुंकू लावून ती समोरच्या ताम्हनात अक्षतांशेजारी ठेवलेली होती. नेटवर्कची निळी तारही तिथेच होती. म्हणजे त्या काळ्या पेटीचा जगाशी कसलाही संबंध उरलेला नव्हता. आणि माझ्या पडद्यावर दर पाच सेकंदांनी तिच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत एकच शब्द उमटत होता. आहे.

बाहेर भर दुपार होती. आत मात्र दिवसाची कोणतीही वेळ नव्हती. ती इमारत पूर्वी दूध शीतकरण केंद्र होती. खोलीच्या भिंती हातभर जाडीच्या, खिडकी एकही नाही, आणि एखाद्या दिवशी, का कोण जाणे, नासलेल्या दुधाचा मंद वास फरशीतून वर यायचा. त्या दिवशी तो आला होता.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि चाफोली या डोंगराकडेच्या गावी पुण्यातल्या एका लहान कंपनीने मला पाठवले होते. तिथे डॉ. यास्मिन मुजावर यांची संस्था 'उतारा' नावाची वेबसाइट चालवीत असे. आजूबाजूच्या नव्वद आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका सर्पदंशावरच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत ते रोज सकाळी त्या साइटवर भरत. कुणाला साप चावला, की आशाताई मोबाइलवर केंद्राचे नाव टाकून विचारत, आणि लस तिथे आहे की नाही, नसल्यास जवळ कुठे आहे, हे त्यांना कळे. कापणीच्या दिवसांत हे प्रश्न चौपट होत. आदल्या वर्षी याच दिवसांत साइट चाळीस मिनिटे गुदमरली होती. तसे पुन्हा होऊ नये, एवढेच माझे काम.

यंत्रे दोन होती. त्यांची नावे ती सांभाळणाऱ्या हुपरीकर सरांनी ठेवलेली. मुख्य यंत्र ते थोरली. दुसरे ते पाठराखीण, नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला पाठवतात तशी. तोवर ही पाठराखीण नुसती राखीव होती. थोरलीने मान टाकली तरच तिला हाक जायची, आणि थोरलीने मान कधी टाकली नव्हती. आदल्या वर्षीही ती धापा टाकत होती, पण हजेरीला उत्तर देत होती. म्हणून दुसरीला हाक गेलीच नाही. माझी योजना साधी होती. दोघींच्या पुढे एक लोड बॅलन्सर बसवायचा. आलेले प्रश्न त्याने पहिल्यापासूनच दोघींत वाटायचे, दर पाच सेकंदांनी दोघींची हजेरी घ्यायची, आणि जी उत्तर देणार नाही तिच्याकडे प्रश्न पाठवायचे थांबवायचे. सरांनी त्यालाही नाव दिले. मास्तर.

कुणाकडे किती प्रश्न पाठवायचे हे ठरवायला मी यंत्रखोलीची नोंदवही वाचली होती. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सरांनी मेमरी आणि डिस्क मागवल्याच्या नोंदी होत्या. त्यानंतर महिन्याने, त्यांच्या गोल, शाळामास्तरी अक्षरात एक ओळ. 'आज सकाळी अकरा वाजता पाठराखीण वाढवली. वि. हु.' मला बरे वाटले होते. क्षमता वाढवलेले यंत्र हाताशी असताना जुन्यावर भार कशाला? मी दर तीन प्रश्नांपैकी दोन पाठराखिणीकडे आणि एक थोरलीकडे असे वाटप बांधले.

सरांना प्रत्यक्ष विचारायला हवे होते. पहिल्याच दिवशी मी तसा प्रयत्नही केला होता. "सर, दुसऱ्या मशीनचं...?" ते म्हणाले, "नोंदवहीत लिहिलंय सगळं." मला सुटल्यासारखे झाले. माणसाला विचारायचा प्रश्न मनात चार वेळा घोळवायचा आणि त्याचे उत्तर कागदात सापडले की हायसे वाटायचे, असा माझा स्वभाव. अजूनही बराचसा तसाच आहे.

त्या दिवशी सुट्टीमुळे वर्दळ कमी असेल म्हणून अकरा वाजता मी नवे वाटप सुरू केले होते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आणखी दोन जिल्हे साइटला जोडायचे होते. "सर, दोघींना काम वाटून देतोय," असे मी दारातूनच म्हणालो होतो. ते फुले निवडत होते. त्यांनी मान हलवली होती.

"मी उंबऱ्यावर नारळ वाढवून येतो," सर आता म्हणाले. माळ त्यांच्या मनासारखी बसली होती. "तोवर तिला हात लावू नकोस."

"थोरलीची पूजा?"

"तिला थांबवता येतंय होय? लोक विचारत असतात. तिच्या वाट्याचा विसावाही हीच घेते." ते हसले आणि बाहेर गेले.

जाड दार लोटले गेले. पंख्यांची घरघर तेवढी उरली. मी पाठराखिणीच्या जुन्या हजेऱ्या उघडल्या. उत्तर यायला किती वेळ लागला, त्याचीही नोंद होत असते. थोरलीचे आकडे जिवंत माणसाच्या श्वासासारखे होते. सकाळी छोटे, कापणीच्या दुपारी लांबलेले, कधी अडखळलेले. पाठराखिणीचे आकडे मी खाली खाली सरकवत गेलो. दोन वर्षे, दर पाच सेकंदांनी, अगदी एकच आकडा. एका सहस्रांश सेकंदाचाही फरक नाही. गर्दीत नाही, वीज गेली तेव्हा नाही, कधीच नाही. इतक्या शांतपणे फक्त एकाच अवस्थेत राहता येते, हा विचार माझ्या मनात आला.

मी मोबाइलचा उजेड तिच्या पुढच्या जाळीवर धरला. आत काही नव्हते. स्क्रूची भोके होती, तारांची मोकळी टोके होती. धूळ मात्र कणभरही नव्हती. कुणीतरी तो रिकामा गाभारा आतून फडक्याने पुसत आले होते.

पडद्यावर शब्द उमटला. आहे.

मी खुर्चीत बसलो. थेट तिच्या पत्त्यावर मी टाइप केले, 'तू कोण?' उत्तर आले, 'आहे.' मी काहीच न लिहिता पाठवले. 'आहे.' मग मला ती गोष्ट सुचली, जी अकरा वाजताच सुचायला हवी होती. मी लिहिले, 'निवघे केंद्र, लस?'

आहे.

सकाळी मी स्वतः साइट चारदा तपासली होती. पण एकदा जो माणूस ज्या यंत्राकडे गेला, त्याला पुन्हा तिकडेच पाठवायचे, असा नियम मीच घातला होता. मी चारही वेळा थोरलीकडे गेलो होतो. बाकीचे कुठे गेले?

"दादा! ओ पुण्याचे दादा!" फोनच्या खोलीतून सुमनताई भिसे ओरडत होत्या.

हेल्पलाइनच्या दोन फोनांवर त्या एकट्याच बसत. मी पोहोचलो तेव्हा एक रिसीव्हर त्यांनी खांद्यात धरला होता. "ही तुमची साइट आज कुणाशी बोलतीय? सकाळपासनं तिघी जणी विचारून गेल्या. नुसतं आहे, आहे. किती आहे, कुणाकडं आहे, काय पत्ता नाही. पोपट बसवलाय का आत?"

"तिघींना काय सांगितलंत?"

"दोघींना मी वहीत बघून सांगितलं. तिसरी धनगरमाळाची इंदुताई. ती म्हणली, आहे म्हणतंय ना, मग बास, निघते. ठेवला पण फोन."

"कुठं निघाली?"

"निवघ्याला. सोयाबीन कापताना नाग चावलाय. हौसाबाई शेलार. स्वतःच्या डोळ्यांनी बघितला म्हणं नाग." बोलता बोलता त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज उतरला. "का हो, दादा?"

मी निवघे केंद्राचा नंबर फिरवला. तिथल्या कांबळे सिस्टरनी उचलला.

"सिस्टर, तुमच्याकडं सर्पदंशाची लस..."

"लस होय? परवाच वाढली बघा."

मी डोळे मिटले. "वाढली ना? किती?"

"किती म्हणजे? सगळीच."

"सगळीच म्हणजे एकूण कुप्या किती?"

"अहो, शून्य! मी साइटवर टाकलंय की शून्य. कोण बोलतंय?"

सुमनताईंनी माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतला. "वाढली म्हणजे उरली नाही, दादा. औषधाला कुणी संपलं म्हणतंय होय?"

नारळ वाढवतात. बांगड्या वाढतात. माझ्या आईनेही घरातले पीठ कधी 'संपले' म्हटले नव्हते. 'पीठ वाढलंय, येताना घेऊन ये,' असाच निरोप असे आणि मी निमूट दुकानात जात असे. हे सारे मला जन्मापासून ठाऊक होते. पण नोंदवहीतली ओळ मी मराठीत वाचलीच नव्हती. यंत्राविषयी आहे म्हणून ती मी यंत्रांच्या भाषेत वाचली होती.

मी धावलो. सर उंबऱ्यावर होते. नारळाची दोन भकले त्यांच्या दोन हातांत होती आणि पाणी मनगटावरून ओघळत होते.

"सर, पाठराखीण वाढवली म्हणजे..."

"म्हणजे वाढवली. दोन वर्षं झाली."

"तिचे भाग?"

"थोरलीत. मेमरी, डिस्क, पंखेसुद्धा. मागवलेलं काही आलं नाही. थोरलीला जगवायला दुसरं काय होतं हाताशी?"

"मग उत्तर कोण देतं?"

ते किंचित लाजले. साठीच्या माणसाला असे लाजताना मी तोवर पाहिले नव्हते. "थोरलीच देते. हिच्या नावानं. शाळेत गैरहजर मित्राची हजेरी लावली नाहीस कधी? हिच्या नावापुढं लाल दिवा लागला की तेव्हा फोनवर असलेल्या बाया घाबरायच्या, लोकांना साइट बंद म्हणून सांगायच्या. म्हटलं, दोन दिवस. भाग येईपर्यंत. कुणी काही विचारलं की आहे म्हणायचं, एवढंच शिकवलं तिला."

"सर, तीनातले दोन प्रश्न मी तिच्याकडं पाठवतोय. अकरा वाजल्यापासून."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. दारातून."

"तू ओठांतल्या ओठांत बोलतोस. आणि मी बावीस वर्षं मशिनींच्या पंख्यांत बसलोय, मला काय ऐकू येतंय?" मग जे मी सांगितले ते त्यांच्यापर्यंत पोहोचले. भकले त्यांनी हळूच खाली ठेवली. "मी लिहिलं होतं रे," ते म्हणाले.

"मी वाचलं होतं," मी म्हणालो.

पाठराखिणीचा वाटा शून्य करायला अर्धे मिनिट पुरले. ते अर्धे मिनिट दीड तास उशिरा आले.

इंदुताईचा फोन लागेना. धनगरमाळाची वाट डोंगराच्या पोटातून उतरते. तिथे फोनला रेंज मिळत नाही. मुजावर डॉक्टरबाई दवाखान्यातून चालत आल्या. त्या कधी धावत नसत. त्यांनी सुमनताईंचे ऐकले, माझे ऐकले, सरांकडे एकदा पाहिले. निवघ्याच्या सिस्टरच्या मोबाइलवर फोन जोडून त्यांनी तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"कांबळे, गेटवर उभी राहा. श्वास द्यायचा फुगा हातात ठेव. त्यांना उतरू द्यायचं नाही. गाडी तशीच कारळ्याच्या रुग्णालयाला. तू सोबत जायचंस."

"व्हय, मॅडम."

बारा पन्नासला निवघ्याच्या गेटवर जीप आली. ती वडापची जीप होती, गावोगावचे उतारू भरून नेणारी. आम्हाला दाराचा आवाज ऐकू आला, बायकांचा गलका, आणि मग इंदुताईचा चढा सूर. "पुढं का म्हणून? मोबाइल आहे म्हणतोय, तुम्ही नाही कशा म्हणता? दरवेळी हेच! गरीब माणूस आला की पुढं ढकलायचा!"

"अगं बाई, फ्रिज उघडून दाखवू का?"

"दाखवा! लपवलेली असंल! उतरवा हिला, इथंच उतरवा!"

"इंदुताई," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण तिकडे आवाजात आवाज मिसळले होते आणि कुणी ऐकत नव्हते. त्या माझ्याकडे वळल्या. "सौमित्र, तुझ्या मशीननं तिला सांगितलंय. तूच सांग."

मी फोनपुढे वाकलो. "इंदुताई, मी... साइटचं काम करणारा..."

"कोण बोलतंय? मोठ्यानं बोला!"

मग मी ओरडलो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "नाही! निवघ्यात लस नाही! साइट खोटं बोलली! मी लावलीय ती, मी चुकलो! लस कारळ्याला आहे, सिस्टर खरं सांगतायत, निघा, आत्ता निघा!"

पलीकडे सगळे थांबले. मग इंदुताई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नाही व्हय?" आणि दार आपटले.

कारळे तिथून बावीस किलोमीटर. डॉक्टरबाई आता जीपमधल्या सिस्टरशी बोलत होत्या. "पापण्या मिटल्या का? मिटणारच. मान लुळी पडेल. हाक मारली तर ओ देणार नाही. घाबरायचं नाही. नागाच्या विषानं माणूस मरत नाही कांबळे, श्वास थांबून मरतो. श्वास तुम्ही द्यायचा. एकीचा हात भरून आला की दुसरीनं घ्यायचा. मध्ये खंड नको. कोण कोण आहे गाडीत?"

"मी, इंदुताई, ह्यांची जाऊ, ह्यांचे मालक. आणि डायवर."

"डायवरला गाडी चालवू दे. चौघं पुरेत."

घाटात आवाज तुटला.

मी यंत्रखोलीत परत आलो, कारण उभे राहायला दुसरी जागा सुचेना. सर जमिनीवर बसले होते. माळ त्यांनी काढून मांडीवर घेतली होती आणि एक एक फूल ओढून दोऱ्यातून सोडवत होते. थोरलीच्या हजेरीचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. पाठराखिणीच्या नावापुढची जागा मी कोरी केली होती, तरी दर पाच सेकंदांनी माझी नजर तिकडे जात होती. एकदा वाटले, शब्द उमटला. नव्हता उमटला. त्या खोलीत कुणाचा श्वास ऐकू येत होता हे मला सांगता येणार नाही. पंख्यांच्या आवाजात असे भास होतात.

दोनला दहा मिनिटे असताना कारळ्याच्या रुग्णालयातून तरुण डॉक्टरचा फोन आला. आम्ही सारे टेबलाभोवती गोळा झालो.

"मॅडम, पेशंट पोहोचला, पण काहीच प्रतिसाद नाही. हाकेला नाही, चिमट्याला नाही. नातेवाइकांना सांगावं लागेल असं वाटतंय. बहुतेक वाटेतच..."

"नाडी?"

"लागते. बारीक."

"मग बहुतेक हा शब्द गिळून टाका. ती आत आहे, डॉक्टर. तुमचं बोलणं ऐकतेय. उत्तर देता येत नाही एवढंच. लस चालू करा आणि फुगा सोडू नका. आणि तिच्यासमोर पुन्हा असं बोलू नका."

सुमनताईंनी पदर तोंडाशी नेला. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. जे उत्तर देते ते असते, आणि जे देत नाही ते नसते, या एका समजुतीवर माझी अख्खी योजना उभी होती. ती योजना त्या बाईला लावली असती, तर मास्तरने तिचे नाव केव्हाच गाळले असते.

पाच वाजून पाच मिनिटांनी हौसाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा हलवला.

दसऱ्याच्या सकाळी मी राजीनामा लिहून नेला. सरांचा माझ्या आधीच टेबलावर होता. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद वाचले, उलटे केले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर आदल्या दिवशीच्या साऱ्या फोनांच्या वेळा लिहायला घेतल्या. "दोन जिल्हे आज जोडायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि हुपरीकर, बंद पडलं तर बंद पडलं म्हणून लिहायचं. अपशकुन झाला तर माझ्यावर." सर लहान मुलासारखे रडले. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही सगळे पुन्हा बांधले. दुसरे यंत्र दुसऱ्या गावी, आणि हजेरी म्हणजे नुसती ओ नव्हे. प्रत्येकीला एका केंद्राचा त्या दिवशीचा खरा आकडा विचारायचा. प्रश्न मी प्रत्येक माणसाला समोर उभे राहून विचारले. सरांना तर कानाशी जाऊन.

चाफोली सोडण्याआधी मी धनगरमाळाला गेलो. इंदुताई वाटेत भेटली आणि सोबत आली. कार्तिकातली सकाळ होती, उघड्या रानांवर कोवळे ऊन पसरले होते. हौसाबाई अंगणात घोंगडीवर बसून शेंगा निवडत होत्या. पायाला अजून पट्टी होती.

"तुम्हीच व्हय, फोनात वरडलेलं?" त्यांनी विचारले.

"हो. ती चूक..."

"ऐकलं मी. सगळं ऐकू येत होतं. डोळं उघडत नव्हतं, बोट हलत नव्हतं, पर कान चालू. जीपमधी आमची ही जाऊ माझ्या म्हशीचं कुणी करायचं ते पण बोलली."

"रडत रडत बोलले की मी!" जाऊ दारातून म्हणाली. "म्हस तुमची लाथा मारती, मग काय बोलू नको?"

सगळे हसले. मी चुकीची माफी मागायला शब्द जुळवून आणले होते, ते जागच्या जागी राहिले. हौसाबाईंनी मला बसायला पोते सरकवले.

"हात ओळखू येत हुते मला," शेंगा चाळत त्या म्हणाल्या. "फुगा दाबणाऱ्याचं. ही इंदी घाईची, एकावर एक दाबायची, जीव कासावीस व्हायचा. सिस्टर बाय लई तालात. आमचं मालक दाबायचं तवा त्यांचं रडणं बी त्याच वाऱ्यातनं आत यायचं. जाऊबाईचा हात जड." त्या थांबल्या. "आन् एक पाचवा हुता. त्यो हलका, दर पाच मोजलं की येणारा, कणभर फरक नाही. दर खेपेला जरासा थांबायचा, देऊ का म्हणून इचारल्यावाणी, आन् मग द्यायचा. घाटात बराच येळ त्योच हुता. त्यो कुणाचा गं, इंदे?"

इंदुताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "चौघंच हुतो, हौसाबाई. डायवर तर गाडीवर."

"चौघं?"

"चौघंच."

घरामागे कुठेतरी म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. हौसाबाईंनी इंदुताईकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पुन्हा शेंगा निवडू लागल्या.

"असाल, बाई. माझं तर डोळं मिटलं हुतं," त्या म्हणाल्या. मग दाराकडे मान करून त्यांनी हाक दिली. "जाऊबाई, चहा ठेवा सगळ्यांना. आन् एक कप जास्तीचा ठेवा."

कुणासाठी, असे जावेने विचारले नाही.